लग्नातला फोटो ब्लर का येतो?

तुळशीचं लग्न लागलं की होस्टेलमध्ये कॅमेरावाल्यांचा भाव एकदम वाढतो. "ताईचं लग्न आहे, नक्की ये हं, आणि येताना कॅमेरा आण!" आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीच्या ताईच्या लग्नात तर फोटोग्राफर ठेवायचं बजेटच नव्हतं. सगळी भिस्त माझ्या सेकंडहँड डीएसएलआरवर. लॅबमधलं रीडिंग चुकलं तर परत घेता येतं, अंतरपाट काही कोणी परत धरत नाही. तेव्हा जो अभ्यास केला तो इथे मांडते. (मी कॉन्व्हेंटवाली, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

आधी रोग ओळखा. फोटो मोठा करून बघा. नवरीचा चेहरा धूसर पण मागच्या मामांच्या टोपीचा धागान्‌धागा दिसतोय, तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेला फराटल्यासारखं दिसतंय, तर तुमचा हात हलला. चेहरा छान आणि फक्त हार घालणारा हात पुसट, तर शटर स्लो पडलं. तिन्हीला आपण सरसकट 'ब्लर' म्हणतो, पण औषध तिन्हीचं वेगळं. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी शटर १/१६० सेकंद किंवा त्याहून फास्ट ठेवा, बहुतेक काम होतं. खरी गंमत पहिल्यात आहे.

आपण म्हणतो कॅमेऱ्याने नवरीवर फोकस केला. कॅमेऱ्याला नवरी-बिवरी कळत नाही, तो एक अंतर पकडतो. त्या अंतरावरची एक पातळ चकती शार्प येते, तिच्या पुढचं-मागचं हळूहळू धूसर होत जातं. ही चकती किती पातळ? एपीएस-सी सेन्सर, ५० मिमी लेन्स, २ मीटर अंतर आणि एफ/१.८ घेतलं तर जेमतेम ११ सेंमी! म्हणजे फोकसच्या पुढे साडेपाच, मागे साडेपाच. मंगलाष्टकं ऐकत उभी असलेली नवरी तेवढी सहज पुढेमागे झुलते. एफ/४ ला हीच जाडी साधारण २४ सेंमी होते. उजेड मात्र पाचपट कमी होतो, म्हणजे आयएसओ ६४० चा ३२०० करावा लागतो. फोटोत दाणे येतात. येऊ देत! दाणेदार पण शार्प फोटो अल्बमला लागतो, मऊमऊ धूसर फोटो कोणी लावत नाही. हॉलच्या ट्यूबलाईटमध्ये सगळे एफ/१.८ च्या मोहात पडतात, मी एफ/४ च्याच पार्टीत.

आता फर्स्ट इयरची ट्रिग्नॉमेट्री काढा. कॅनन १५००डी सारख्या साध्या कॅमेऱ्यात फोकसचे ९ बिंदू असतात, पण त्यातला फक्त मधला क्रॉस टाईप, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा ओळखणारा. म्हणून आपण मधल्या बिंदूने डोळा पकडतो आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवतो. २ मीटरवर १० अंश वळवलात तर चकती २(१ − कॉस १०°), म्हणजे ३ सेंमी मागे सरकते. एफ/१.८ च्या साडेपाचातले तीन इथेच गेले. एफ/४ ला फरक पडत नाही.

मुंडावळ्या हा वेगळाच ताप. चकचकीत मणी डोळ्यांच्या पुढे लोंबतात आणि ऑटोफोकस आधी त्यांच्यावर झडप घालतो. क्लोजअप घेताना बिंदू भुवईवर किंवा पापणीच्या कडेवर ठेवा. होमाच्या धुरात कॅमेरा पुढेमागे घरघरत बसतो, तेव्हा त्याच अंतरावरच्या शालूची जरीची किनार पकडायची.

आणि मुख्य परीक्षा अंतरपाटाची. समोरून काढाल तर कॅमेरा कापडावरच फोकस करणार. बाजूला, पाटाच्या रेषेत, साधारण ३ मीटरवर उभे राहा. तिथून नवरा-नवरी दोघंही सारख्याच अंतरावर, एकाच चकतीत येतात, आणि एफ/४ ला तिची जाडी अर्ध्या मीटरच्या वर जाते. पाट कुठल्या बाजूला ओढणार हे गुरुजींना आधीच विचारून ठेवा आणि त्याच्या विरुद्ध बाजू धरा, नाहीतर कापड तुमच्याच लेन्सवर येईल. शटरच्या बटणावरचं फोकसचं काम मेनूत जाऊन मागच्या अंगठ्याच्या बटणाला द्या. शेवटच्या 'सावधान'च्या आधीच नवरीच्या चेहऱ्यावर फोकस करून अंगठा उचला. मग अक्षतांचा पाऊस पडो की मध्ये कोणाचा हात येवो, फोकस हलत नाही.

हल्लीचे मिररलेस कॅमेरे डोळा आपोआप शोधतात, खरंय. पण पकडतात एकाचाच, आणि चकती त्यांचीही तेवढीच पातळ. मोबाईलचा सेन्सर छोटा असल्याने चकती जाड असते. तिथे फोकसपेक्षा हलणारे हातच जास्त फोटो बिघडवतात.

त्या लग्नाच्या आदल्या रात्री आम्ही मेसमध्ये दोन रूममेट समोरासमोर उभ्या केल्या, मध्ये चादर धरली आणि चाळीसेक वेळा 'लग्न' लावलं. मेसच्या काकांनी तांदूळ काही दिले नाहीत, मुरमुऱ्यांवर भागवलं. कोणाच्या घरी यंदा लग्न असेल तर जेवणानंतर मेसमध्ये या, कॅमेरा मी देते. चादर तुमची आणा.