उजव्या हाताला कोण?

स्तोत्र १०९ मध्ये उजव्या हाताची जागा दोनदा येते. सहाव्या वचनात तेथे आरोप करणारा उभा आहे. मूळ इब्री शब्द ‘सातान’, येथे तो न्यायसभेतला. एकतिसाव्या वचनात त्याच जागी, दीनाला दोषी ठरवणाऱ्यांपासून सोडवावयास, परमेश्वर उभा राहतो.

सरकारी वकिली सोडून अन्यायाने शिक्षा झालेल्यांचा कैवार घेणारा ही जागा ओळखतो. पौलानेही ती ओळखली. पवित्र जनांच्या मृत्युदंडाला आपण संमती दिली, हे तो अग्रिप्पापुढे सांगतो (प्रे. कृत्ये २६:१०). तोच पुढे अनेसिम या दासाची रदबदली करतो, आणि त्याचे देणे आपल्या नावे मांडावयास सांगतो (फिलेमोन १८). इतके करणारा वकील विरळाच!

दोष देणे सोडून गप्प बसणारे पुष्कळ असतात. कैवाऱ्याला आपण होऊन उभे राहावे लागते. कलकत्त्याचे डी. के. बसू पश्चिम बंगालमधील एका कायदेविषयक साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष होते. कोठडीतील मृत्यूंविषयी त्यांनी २६ ऑगस्ट १९८६ रोजी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने तेच याचिका मानले व १८ डिसेंबर १९९६ रोजी अकरा नियम घालून दिले: अटकेची नोंद साक्षीदारासमक्ष व्हावी, नातलगास कळवावे, चौकशीच्या काळात वकिलाला भेटू द्यावे. अन्यायाची शिक्षा पुष्कळदा त्या पहिल्या, वकिलावाचून गेलेल्या रात्रीच ठरते.

कोठडीतील प्रत्येकाला, त्याचे उत्पन्न न पाहता, आज मोफत वकिलाचा हक्क आहे. आपल्या मंडळीतील किती वकिलांची नावे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीत आहेत, हे कोणी विचारले आहे काय?