संगणकाच्या वीजपेटीची निवड

खेळांकरितां शक्तिमान् संगणक जोडूं पाहणारा विद्यार्थी प्रथम ग्राफिक्स कार्डाची चौकशी करितो, मग प्रोसेसरची, आणि पैसे सरत आले म्हणजे शेवटीं वीज पुरविणाऱ्या पेटीकडे वळतो. दुकानदार हिला एसएमपीएस म्हणतात. काटकसरीस हीच जागा योग्य, असें पुष्कळ पालकांसही वाटतें. वास्तविक इतर सर्व महाग भागांस वीज मिळते ती हिच्याचमधून. आणि हलकी पेटी बिघडली तर ती एकटीच जाईल असा भरंवसा नसतो.

भिंतींतून येणारी वीज २३० व्होल्टची, सेकंदास ५० आवर्तनें करणारी असते. संगणकास हवी ती १२, ५ व ३.३ व्होल्टची आणि एकाच दिशेनें वाहणारी. हें रूपांतर पेटी करिते. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे गिऱ्हाईक मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. यास्तव पेटीवरील ठळक आंकडा न पाहतां तक्त्यांतील १२ व्होल्टचा रकाना वाचावा. तेथें ७० अँपियर असतील तर १२ × ७० = ८४० वॉट झाले. तेथें ४५ च असतील तर ५४० वॉट. मग वर ८५० छापलेले असोत!

आतां वॉट किती घ्यावे? २०२२ सालीं निघालेलें एनव्हिडियाचें आरटीएक्स ४०९० हें कार्ड ४५० वॉट घेतें. इंटेलचा आय९-१४९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरांत २५३ वॉटपर्यंत जातो. पंखे, डिस्क, मदरबोर्ड वगैरेंस ७५ धरूं. बेरीज ७७८. मग ८०० ची पेटी पुरे, असें विद्यार्थी म्हणेल. परंतु कार्डाचा भार स्थिर नसतो. सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता तो बराच वर उसळतो. पेटीची संरक्षक योजना तो अपघात समजून वीज तोडते आणि ऐन खेळांत संगणक बंद पडतो. एटीएक्स ३.० या २०२२ च्या नियमांत मोठ्या पेट्यांनीं दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसावा असें घातलें आहे, तें याचसाठीं. या जोडणीस मी १००० वॉटची पेटी घेईन. उलट २०० वॉटचें आरटीएक्स ४०७० व मध्यम प्रोसेसर असल्यास ६५० ची पुरते. तेथें हजारची घेणें म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

मोठ्या पेटीनें विजेचें बिल वाढेल ही भीति मात्र निराधार आहे. हजार वॉट ही तिची ताकद होय, तिचा खप नव्हे. खप ठरतो तो आंतल्या भागांच्या मागणीवर आणि रूपांतरांतील तुटीवर. ‘८० प्लस गोल्ड’ शिक्क्याची पेटी ११५ व्होल्टच्या चांचणींत अर्ध्या भारावर निदान ९० टक्के वीज पुढें देते; म्हणजे ४५० वॉट देण्यास ५०० घेते, व ५० ची उष्णता होते. परंतु हा शिक्का काटकसरीचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे, हें दुकानदार क्वचितच सांगतो.

तारांविषयीं विशेष जपावें. सुट्या तारांच्या पेट्यांत एका कारखान्याची तार दुसऱ्याच्या पेटींत कधींही लावूं नये. खटका नीट बसतो, पण आंतील क्रम निराळा असूं शकतो. मग ५ व्होल्टच्या जागीं १२ जाऊन डिस्क क्षणांत मरते. आरटीएक्स ४०९० चे सोळा खिळ्यांचे जोड २०२२ सालीं कित्येकांकडे वितळले. जोड पुरता आंत न बसविणें हें त्याचें एक मुख्य कारण आढळलें. २०२३ सालीं तो सुधारण्यांत आला. तरीही ‘टक्’ असा आवाज ऐकल्यावांचून कॅबिनेट बंद करूं नये.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. प्लगच्या तिसऱ्या खिळ्यास खरोखरच अर्थिंग आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून तपासून घ्यावें. आणि घरांत इन्व्हर्टर असल्यास तो साइन वेव्हचा असावा. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर नव्या पेट्या कधीं कधीं वीज जातांच बंद पडतात. पेटी बिघडल्यास ती घरीं उघडूं नये. प्लग काढल्यावरही तिच्यांतील मोठ्या कपॅसिटरमध्यें तीनशेंहून अधिक व्होल्ट कांहीं काळ साठून राहूं शकतात.