उंबऱ्यातला गंज : एका जुन्या स्पोर्ट्स कारवरून क्षरणाचा धडा



दहावीला धातूंचं क्षरण शिकवताना पहिला प्रश्न ठरलेला असतो. लोखंड गंजायला काय लागतं? सगळा वर्ग एका सुरात सांगतो, "हवा आणि पाणी!" उत्तर बरोबर आहे, परीक्षेत गुणही मिळतात. पण लगेच पुढचा प्रश्न विचारून बघा. मोटारीचा कुठला भाग सगळ्यात आधी गंजून जाईल? बहुतेक मुलं टप म्हणतात, नाहीतर बॉनेट. कारण सरळ आहे, पाऊस तिथेच पडतो आणि वाराही तिथेच लागतो.

प्रत्यक्षात उलटं घडतं. टप आणि बॉनेट बरीच वर्षं टिकतात. गाडी खालून, आतून, चिखल साचलेल्या कोपऱ्यांतून खाऊन जाते. म्हणजे जिथे हवा सगळ्यात कमी पोचते तिथून. मुलांच्या डोक्यातलं "जास्त हवा, जास्त गंज" हे गणित इथे चुकतं, आणि ते नुसतं पुस्तक वाचून सुटत नाही. त्यासाठी मी एक गाडी वर्गात आणतो, अर्थात गोष्टीतून आणि फळ्यावर काढून.

गाडीचं नाव एमजीबी. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार तयार होत होती. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. (आज आपल्या रस्त्यांवर एमजी नावाच्या ज्या नव्या गाड्या दिसतात, त्यांच्याशी नात्यापुरतं नाव सोडलं तर हिचा काही संबंध नाही.) आपला मात्र हिच्याशी एक जुना संबंध आहे. आपल्या ॲम्बेसेडरमध्ये कित्येक वर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते ज्या 'बी सिरीज' घराण्यातलं, त्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं थोरलं भावंड एमजीबीत बसवलेलं असे. ज्यांच्या घरी ॲम्बेसेडर होती त्यांनी हे मुलांना जरूर सांगावं, मुलं एकदम जवळ सरकून बसतात.

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजमध्ये जुनी गाडी पुन्हा उभी करण्याचा नाद बऱ्याच जणांना आहे, आणि त्यासाठी एमजीबी फार लाडकी. रचना साधी, पाना-पक्कड घेऊन बसलं तर समजते, आणि सुटे भाग आजही मिळतात. इंजिनाचं काम अवघड वाटतं, पण खरं तर ते सोपं. खरी लढाई पत्र्याशी असते.

जुन्या पद्धतीच्या गाड्यांना खाली लोखंडी सांगाडा, म्हणजे चॅसी असायची आणि वर बॉडी ठेवलेली असायची. हिच्या आधीची एमजीए तशी होती. एमजीबीत वेगळी चॅसी नाही. वाकवून, एकमेकांना स्पॉट वेल्ड केलेले पातळ पत्रेच सगळं वजन पेलतात. त्यात उघड्या टपाची गाडी, म्हणजे वरून आधार नाही. मग पुढची चाकं आणि मागची चाकं यांना धरून ठेवतं कोण? दाराखालचा उंबरा. इंग्रजीत त्याला सिल म्हणतात, पण आपला उंबरा शब्द अगदी चपखल आहे. बाहेरून तो एक साधी पट्टी दिसतो. आत मात्र बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा आणि आतला पत्रा मिळून एक लांबट पोकळ पेटी झालेली असते. कागदाची पट्टी लगेच वाकते आणि त्याच कागदाची चौकोनी नळी केली की वाकत नाही, हे मुलांना हातात देऊन दाखवा. उंबऱ्याची ताकद कशात आहे हे दोन मिनिटांत कळतं.

आता या पेटीत गंज शिरतो कसा? ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. चाकं हे खारट पाणी आणि चिखल उडवतात. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत एक आडवा पत्रा आणि त्याला रबरी पट्टी असते. रबर म्हातारं झालं की चिखल त्याच्या मागे जातो आणि बरोबर उंबऱ्याच्या टोकावर साठून राहतो. वर रंग चकचकीत, आत ओला खारट चिखल. पाणी बाहेर जायला ठेवलेली भोकंही त्याच चिखलाने बुजतात. कोकणातल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. खारी हवा लोखंडी ग्रिलचं काय करते ते ते रोजच बघतात.

पण चिखलाखाली तर हवा कमी! मग तिथेच जास्त खड्डा का? धड्याचा गाभा इथे आहे. पुस्तकात आपण वाचतो की लोखंडाच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी धनाग्र तयार होतो, काही ठिकाणी ऋणाग्र. धनाग्राशी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं. ऋणाग्राशी ऑक्सिजन आणि पाणी ते इलेक्ट्रॉन घेतात. ऑक्सिजन घेणारा आहे, म्हणून तो जिथे भरपूर असतो तो भाग ऋणाग्र होतो आणि बचावतो. जिथे ऑक्सिजन पोचत नाही तो भाग धनाग्र बनतो आणि झिजतो. मीठ पाण्यातून वीज वाहायला मदत करतं, म्हणून सगळं वेगाने होतं. थोडक्यात, ऑक्सिजन एका जागी काम करतो आणि नुकसान शेजारच्या जागी होतं. सगळ्या लोखंडावर एकसारखी हवा असती तर इतका खोल खड्डा पडला नसता.

हे डोळ्यांनी दिसतं. केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांच्या नावाने ओळखला जाणारा थेंबाचा प्रयोग शाळेत सहज होतो. साध्या लोखंडाची पट्टी सँडपेपरने घासून चकचकीत करा, बोटं लावू नका. १०० मिली पाण्यात साधारण ३ ग्रॅम मीठ, फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब आणि अगदी चिमूटभर पोटॅशिअम फेरीसायनाइड विरघळवा. पट्टी सपाट ठेवून त्यावर एक मोठा थेंब सोडा. सुरुवातीला निळे-गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात. थोडा धीर धरा. हळूहळू थेंबाची कड गुलाबी होते आणि मधला भाग निळा. गुलाबी म्हणजे तिथे ऑक्सिजनने काम केलं. निळा म्हणजे तिथे लोखंड विरघळतंय. कडेला हवा जवळ, मध्यभागी लांब. दोन्हींच्या मधे काही वेळाने तपकिरी गंजाचं कडं उमटतं. फेरीसायनाइडमध्ये आम्ल मिसळायचं नाही आणि ते तापवायचं नाही, एवढी काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यायची, मुलांवर सोडायची नाही.

निळा ठिपका बघितल्यावर मुलांना गॅरेजमधलं पुढचं काम समजतं.

गाडी उतरवताना पहिलं हत्यार लोहचुंबक. कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक उंबऱ्यावरून फिरवत न्यायचं. एखाद्या जागी ते चिकटेना, तर तिथे पत्रा नाही, लांबी आहे. आपल्याकडेही डेंटिंग-पेंटिंगवाले खड्डा भरायला लांबी वापरतात, आणि पोच आलेल्या पत्र्यावर पातळ थर द्यायला ती चांगलीच असते. पण गंजून भोक पडलेल्या उंबऱ्यात लांबी भरून वर रंग मारणं म्हणजे घराच्या तुळईत वाळवी लागल्यावर तिला वॉर्निश करण्यासारखं आहे. मग स्क्रूड्रायव्हर. शंका येईल तिथे टोचायचं. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला बिस्किटासारखा आत जातो. रंगावर रुपयाएवढा फुगवटा असेल तर आत हाताच्या पंजाएवढी जागा गेलेली असू शकते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि रंग दिसायला लागण्याआधीच पत्र्यांच्या जोडात फुगून बसलेला असतो.

इथे बऱ्याच हौशी लोकांची पहिली मोठी चूक होते. जुना कुजलेला उंबरा तसाच ठेवून त्याच्यावर नवा बाहेरचा पत्रा वेल्ड करतात. बाहेरून काम सुरेख दिसतं. आत चिखल तोच, मीठ तेच, आणि आता हवा आणखी कमी. आपण थेंबात पाहिलं तेच पुन्हा, फक्त बंद डब्यात. नीट काम करायचं तर पुढचं मडगार्ड बोल्ट काढून उतरवावं लागतं, मागच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, आणि चकचकीत, सलग लोखंड लागेपर्यंत कापत जावं लागतं. कुठे थांबायचं हे गंज ठरवतो, आपण नाही.

दुसरी चूक जास्त महागाची. उंबरा कापला की गाडीला धरून ठेवणारी पेटीच गेली. आधार न देता कापलं तर मधला भाग खाली बसतो, दाराच्या चौकटीचं वरचं अंतर आवळतं, आणि त्याच अवस्थेत नवा उंबरा वेल्ड केला की गाडी कायमची वाकडी. दार मग कधीच नीट लागत नाही. म्हणून आधी दाराच्या चौकटीत लोखंडी नळी आडवी वेल्ड करतात, गाडी योग्य ठिकाणी आधार देऊन सपाट ठेवतात, आणि एका वेळी एकच बाजू करतात. दार मधेमधे लावून पाहत राहायचं. आपले गवंडी जुन्या वाड्याची भिंत काढण्याआधी तुळईला टेकू देतात, अगदी तसंच.

नवा पत्रा बसला की आतल्या पोकळीत मेणासारखं गंजरोधक फवारतात, आणि पाण्याची भोकं मोकळी राहिली ना ते सळई घालून बघतात. हे शेवटचं काम कुणाला फोटोत दाखवता येत नाही, म्हणून राहून जातं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करायचा असेल तर जोडाजवळचं जस्त घासून काढावं लागतं, नाहीतर त्याचा धूर अंगावर येतो, ताप भरतो. त्या काळच्या ब्रेक आणि क्लचमध्ये ॲस्बेस्टॉस असे, म्हणून तिथली धूळ फुंकून उडवायची नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, एक मिनिटसुद्धा, जायचं नाही. खाली पक्के स्टँड हवेतच. पालकांनी हे वाक्य मुलांसमोर मोठ्याने वाचावं.

छोटे भाग, म्हणजे बिजागरी, पट्ट्या, बोल्ट, यांचा गंज विजेने काढता येतो. प्लास्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, गंजका भाग बारा व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला, साधी लोखंडी पट्टी धन टोकाला. धड्यातलं विद्युत अपघटन तेच. भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि गंज सैल होऊन ब्रशने निघतो. पण खाल्लेलं लोखंड परत येत नाही, खड्डे राहतातच. हे बाहेर, मोकळ्या हवेत करायचं, आसपास ठिणगी नको. मीठ घालायचं नाही, क्लोरिन निघतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. कडक पोलादाची स्प्रिंग यात टाकू नका, हायड्रोजनमुळे ती ठिसूळ होऊ शकते.

"एवढं करण्यापेक्षा नवी बॉडी नाही का मिळत, सर?" असं एका मुलीने विचारलं होतं. मिळते. १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची कोरी बॉडी पुन्हा तयार होऊ लागली. मग वर्गात वाद रंगला, सगळाच पत्रा नवा आणला तर ती जुनी गाडी म्हणायची का. मी निकाल दिला नाही. पैशाचं म्हणाल तर पुष्कळदा दुरुस्तीला गाडीच्या किमतीहून जास्त खर्च येतो, आणि अर्धवट सोडलेल्या गाड्या खोक्यांत भरून विकल्याही जातात, कुठला बोल्ट कुठला याचा पत्ता नसलेल्या. उतरवताना प्रत्येक पिशवीवर नाव लिहिण्याचा कंटाळा केला की हेच होतं.

एक गोष्ट मात्र वर्गाला मी ठासून सांगतो. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की तिची दरवर्षी तपासणी होते आणि त्यात गंजही बघतात. पण २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना त्यातून सूट आहे. एमजीबी सगळ्या त्यात बसतात. म्हणजे उंबऱ्यात लांबी आहे की लोखंड, हे आता दुसरं कुणी बघेलच असं नाही. शेजारच्या आसनावर कुणाला बसवायचं हे मालकाने चुंबक फिरवूनच ठरवायचं.

धडा संपल्यावर घरचा अभ्यास म्हणून मी एक यादी करायला सांगतो. घरातल्या किंवा शाळेतल्या गंजलेल्या पाच वस्तू शोधा आणि गंज नेमका कुठे सुरू झालाय ते लिहा. गेल्या वेळी बहुतेक वह्यांत सारखंच आलं होतं : सायकलची चेन नव्हे, मडगार्डच्या आतली कड; बाकाचा पाय नव्हे, पायाखालची रबरी टोपी जिथे बसते ती जागा. एका मुलाने शाळेच्या फाटकाचा खालचा नळीचा भाग लिहिला होता. मधल्या सुट्टीत आम्ही जाऊन स्क्रूड्रायव्हर टोचला. आरपार गेला. वरचा हिरवा रंग दिवाळीतलाच होता.