निन्जापट आणि त्यांतील जोडकाम

(द्वितीय वर्ष, कला)

कोणत्याही कलेचा अभ्यास करताना आपण तिच्यातील उत्तम कृती समोर ठेवतो. चित्रपटाचा विषय निघाला की सत्यजित राय किंवा अकिरा कुरोसावा यांची नावे प्रथम येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु उत्तम कृतीत कारागिरी इतकी एकजीव झालेली असते, की ती कोठे व कशी केली हे नवख्या अभ्यासकाला चटकन दिसत नाही. ओबडधोबड कृतीत मात्र टाके उघडे पडलेले असतात. या दृष्टीने १९८० च्या दशकात हाँगकाँगमध्ये अत्यल्प खर्चात तयार झालेले निन्जापट मला अभ्यासास योग्य वाटतात. त्यांपैकी 'निन्जा टर्मिनेटर' (१९८५) हा एक चित्रपट मुख्यतः समोर ठेवून, असे चित्रपट कसे बनत आणि त्यांचे चाहते त्यांची चर्चा कशी करतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

निन्जा कोण होता?

निन्जा हा शब्द जपानी आहे. त्याच अर्थाचा जुना जपानी शब्द 'शिनोबी'. सोसणे आणि लपून राहणे असे दोन्ही भाव त्यात आहेत. मध्ययुगीन जपानात इगा व कोगा हे डोंगराळ प्रदेश अशा लोकांसाठी प्रसिद्ध होते. हेरगिरी करणे, शत्रूच्या किल्ल्यात शिरणे, आग लावणे ही त्यांची कामे. १५८१ साली ओदा नोबुनागा या सरदाराने इगावर मोठी स्वारी करून तो प्रदेश उद्ध्वस्त केला. पुढे शांततेच्या काळात, १६७६ साली, 'बान्सेनशुकाइ' हा ग्रंथ सिद्ध झाला आणि या विद्येची माहिती त्यात एकत्र झाली.

आता गंमत अशी की, हेराचे यश कोणाच्या नजरेत न भरण्यात असते. तो शेतकरी, फेरीवाला किंवा भिक्षुक यांच्या वेषात फिरेल. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घालून भर दिवसा हिंडणार नाही. मग हा काळा पोशाख आला कोठून? अनेक अभ्यासकांच्या मते तो रंगभूमीवरून आला. जपानी नाटकांत रंगमंचावरील सामान हलविणारे मदतनीस काळ्या कपड्यांत वावरतात, आणि ते तेथे नाहीतच असे प्रेक्षक समजून चालतात. अशा मदतनिसानेच एकाएकी तलवार उपसली, तर प्रेक्षक दचकणारच! म्हणजे निन्जाची आपल्या मनातील प्रतिमा मुळातच इतिहास आणि नाटक यांच्या जोडकामातून तयार झाली आहे.

जपानमध्ये सात्सुओ यामामोतो यांनी १९६२ साली 'शिनोबी नो मोनो' हा गंभीर चित्रपट काढला. पाश्चात्य प्रेक्षकांना निन्जा ठळकपणे दिसला तो १९६७ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' या जेम्स बाँडच्या चित्रपटात. खरी लाट मात्र १९८१ साली 'एंटर द निन्जा' या चित्रपटाने आणली. मेनाहेम गोलान यांच्या या चित्रपटात इटालियन नट फ्रँको नेरो नायक होता, आणि खरा जपानी असलेला शो कोसुगी खलनायक! दोनच वर्षांनी 'रिव्हेंज ऑफ द निन्जा' मध्ये कोसुगी नायक झाला. हा काळ व्हिडिओ कॅसेटचा होता. दुकानातील गिऱ्हाईक वेष्टनावरचे चित्र आणि नाव पाहून कॅसेट घेई. नावात 'निन्जा' हा शब्द असला की माल खपे.

दोन चित्रपटांचा एक

हाँगकाँगमधील जोसेफ लाय या निर्मात्याने आणि गॉडफ्रे हो या दिग्दर्शकाने ही मागणी ओळखली. हो याने शॉ बंधूंच्या स्टुडिओत चँग चेह या नामवंत दिग्दर्शकाचा साहाय्यक म्हणून उमेदवारी केली होती. म्हणजे धंद्यातले त्याला चांगले कळत होते. या मंडळींची पद्धत साधी होती. कोरिया, तैवान, थायलंड अशा देशांतील एखादा फारसा न चाललेला चित्रपट घ्यायचा. त्यातील काही भाग कापायचा. मग थोड्याच दिवसांत हाँगकाँगच्या बागांत आणि झाडीत गोऱ्या नटांना निन्जाचे कपडे घालून मारामारीची दृश्ये टिपायची. ही दृश्ये जुन्या चित्रपटात मधूनमधून पेरायची, सर्वांच्या तोंडी नवे इंग्रजी संवाद घालायचे, आणि नवे नाव देऊन नवा चित्रपट विकायला काढायचा. अशा रीतीने एका चित्रपटाच्या खर्चात अनेक चित्रपट बाहेर पडत.

'निन्जा टर्मिनेटर' ची कथा अशी : एका निन्जा साम्राज्याकडे सोन्याच्या योद्ध्याची मूर्ती आहे. तिचे तीन भाग एकत्र केले की शरीरावर तलवार चालत नाही. तीन शिष्य ते तीन भाग पळवितात, आणि मग पाठलाग सुरू होतो. त्यांपैकी हॅरी या शिष्याची भूमिका रिचर्ड हॅरिसन या अमेरिकन नटाची आहे. साम्राज्याकडून धमकीचा निरोप येतो तो खेळण्यातल्या एका छोट्या यंत्रमानवाकरवी. हॅरी ज्या टेलिफोनवरून गंभीर चेहऱ्याने बोलतो, तो गारफिल्ड या व्यंगचित्रातील मांजराच्या आकाराचा आहे. जगभरच्या चाहत्यांत या टेलिफोनइतकी चर्चा क्वचितच दुसऱ्या वस्तूची झाली असेल.

परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने टेलिफोनचे महत्त्व निराळे आहे. चित्रपटाचा दुसरा अर्धा भाग 'द अनइन्व्हायटेड गेस्ट ऑफ द स्टार फेरी' (१९८४) या कोरियन चित्रपटातून घेतलेला आहे. त्यातील नायकाला येथे जॅग्वार वाँग असे नाव मिळाले आहे. हॅरी आणि जॅग्वार वाँग हे दोन वेगळ्या चित्रपटांतील लोक. ते एका चौकटीत येणे शक्यच नाही. म्हणून हॅरी फोन उचलतो. पुढच्या दृश्यात वाँग बोलताना दिसतो, संवाद जुळवून घातलेले असतात, आणि आपण बिनतक्रार मान्य करतो की हे दोघे एकमेकांशी बोलले. दोन चित्रपटांना जोडणारा पूल म्हणजे तो मांजराचा टेलिफोन होय.

कुलेशोव्हचा प्रयोग

असे आपण का मान्य करतो? याचे उत्तर रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याने सुमारे शंभर वर्षांपूर्वी शोधले. मोजुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने निरनिराळ्या दृश्यांना जोडला. एकदा रश्श्याच्या वाडग्याला, एकदा शवपेटीला. चेहरा तोच असूनही प्रेक्षकांना त्यात कधी भूक तर कधी शोक दिसला, असे सांगतात. दुसऱ्या एका प्रयोगात मॉस्कोत टिपलेल्या पात्रांना त्याने अमेरिकन चित्रपटातील व्हाइट हाऊसचे दृश्य जोडले. प्रत्यक्षात कोठेही नसलेला भूगोल पडद्यावर उभा राहिला.

चित्रपटाचा अर्थ एकेका दृश्यात जितका असतो, तितकाच दोन दृश्यांच्या सांध्यात असतो, आणि तो सांधा प्रेक्षकाचे मन बुजविते. हे तत्त्व थोर दिग्दर्शक काव्यासाठी वापरतात, गॉडफ्रे हो काटकसरीसाठी. तत्त्व एकच. श्रेष्ठ चित्रपटात आपण सांध्यावरून नकळत पुढे जातो. निन्जापटात आपल्याला ठेच लागते, आणि ठेच लागते म्हणूनच येथे सांधा आहे हे कळते.

चाहत्यांची चर्चा

वसतिगृहात आम्ही पाच-सहा मित्रांनी हा चित्रपट पाहिला, तेव्हा प्रथम खूप हसलो. नंतर वाद झाला. एक मित्र म्हणाला, "ही सरळसरळ फसवणूक आहे. दोन शिळ्या भाज्या एकत्र करून ताजी म्हणून वाढायची!" त्यावर दुसरा म्हणाला, "मग तू मिसळ कशी खातोस रे?" तिसऱ्याचे म्हणणे असे की, दीड तास करमणूक झाली, आता शवविच्छेदन कशाला? इतिहास विषय घेतलेला मित्र मात्र गप्प होता. त्याने चित्रपट पुन्हा लावला आणि कोठे चित्राचा रंग बदलतो, कोठे मारामारीची ढब बदलते, हे तो वहीत टिपू लागला.

जगभरचे चाहते गेली अनेक वर्षे हेच करीत आहेत. त्यांच्या युक्त्या सांगण्यासारख्या आहेत. दोन पात्रे एकदा तरी एका चौकटीत येतात का? चित्राचा दाणा सारखा आहे का? एका दृश्यात हिवाळी कोट आणि लगेच पुढच्यात उन्हाळी सदरा, असे होते का? दुकानांवरच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? ओठांची हालचाल शब्दांशी जुळते का? यावरून ते जुना भाग आणि नवा भाग वेगळा करतात, आणि मग जुना भाग कोणत्या चित्रपटातला हे शोधून काढतात. आपल्या मराठीच्या तासाला पाठचिकित्सा हा शब्द येतो. संत एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही मूळ कोणते आणि मागाहून शिरलेले कोणते हाच प्रश्न होता. ग्रंथ आणि निन्जापट यांची योग्यता एक नव्हे, हे सांगावयास नकोच. पण पाहण्याची शिस्त तीच आहे.

याच शिस्तीमुळे नावे उजेडात येतात. 'निन्जा टर्मिनेटर' मध्ये पिवळ्या केसांचा टोप घातलेला एक खलनायक आहे. त्याच्या लाथा पाहून आमचे हसणे थांबले होते. तो कोरियन नट ह्वांग जँग-ली. जॅकी चॅनला कीर्ती मिळवून देणाऱ्या 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' आणि 'ड्रंकन मास्टर' (दोन्ही १९७८) या चित्रपटांतील खलनायक तोच. सोन्याची मूर्ती, हॅरी, गोरे निन्जा यांच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो दुसऱ्याच चित्रपटात, दुसऱ्याच दिग्दर्शकाच्या सूचनेप्रमाणे, जीव ओतून काम करीत होता.

नाव कोणाचे?

येथे या विषयाचा गंभीर भाग सुरू होतो. अशा निन्जापटांच्या श्रेयनामावलीत पुष्कळदा बनावट पाश्चात्य नावे असत. हो याने स्वतःही कितीतरी टोपणनावे वापरली. ज्यांनी मूळ चित्रपट दिग्दर्शित केला, ज्यांनी तो टिपला, ज्यांनी कथा लिहिली, ते नव्या नावाच्या आणि नव्या संवादांच्या खाली बुजून गेले. चित्रपट रीतसर विकत घेतला होता असे कोणी म्हणेल. घेतला असेल. परंतु माल विकला म्हणून करणाऱ्याचे नावही विकले जाते काय?

माझी आई सोलापुरात घरी बसून शर्टांच्या कॉलरी शिवते. बाह्या दुसऱ्या वस्तीत तयार होतात, काज-बटण तिसरीकडे होते, आणि शेवटी मानेमागे कंपनीची पट्टी लागते. तिने शिवलेला शर्ट कोणाच्या अंगावर आहे हे तिला कधी कळत नाही, आणि घालणाऱ्याला ती कळत नाही. बाजारात कपडा घेताना ती तो आधी उलटा करून शिवण पाहते. मला वाटते, चाहते निन्जापट असाच उलटा करून पाहतात. आमच्या घरात महाविद्यालयापर्यंत आलेला मी पहिलाच. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखकाचे नाव पाहण्याची सवय मला येथे लागली. ती सवय चित्रपटाला, शर्टाला, भिंतीलाही लावावी, असे आता वाटू लागले आहे.

नावाचा दुरुपयोग उलट दिशेनेही होतो. रिचर्ड हॅरिसन हा इटालियन चित्रपटांत नाव मिळविलेला नट. हाँगकाँगला त्याने मोजक्या चित्रपटांसाठी काम केले. पण त्याच्या दृश्यांचे तुकडे करून ते डझनाहून अधिक चित्रपटांत घालण्यात आले आणि प्रत्येकावर त्याचे नाव छापले गेले. याने आपल्या लौकिकाला धक्का बसला, असे त्याने पुढे सांगितले. एकाचे नाव पुसले गेले, दुसऱ्याचे नको इतके वापरले गेले. दोघांनाही कोणी विचारले नाही.

समारोप

मग हे चित्रपट वाईट म्हणून टाकून द्यावेत काय? मला तसे वाटत नाही. त्यांच्यात वेग आहे, कल्पकता आहे, आणि पैसा नसताना काम उरकण्याची जिद्द आहे. गॉडफ्रे हो याने पुढे हाँगकाँगमध्ये चित्रपटकलेचे अध्यापनही केले. सांधा कसा जुळवावा हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार! मित्राचे मिसळीचे म्हणणेही मला अर्धे पटते. मिसळ चांगलीच लागते. मात्र फरसाण कोणाचे आणि उसळ कोणाची, हे विचारणाऱ्याला उत्तर मिळाले पाहिजे.

आपल्या वाङ्मय मंडळाने एखाद्या शनिवारी असा एक निन्जापट दाखवावा, अशी माझी सूचना आहे. पहिल्यांदा सर्वांनी मोकळेपणे हसून घ्यावे. मग आवाज बंद करून तोच पुन्हा पाहावा आणि वहीत दोन रकाने करावेत : डावीकडे जुन्या चित्रपटातील दृश्ये, उजवीकडे नव्याने टिपलेली. डाव्या रकान्यातील किती माणसांची नावे आपल्याला शोधून काढता येतात, ते पाहावे. तेवढा गृहपाठ एका शनिवारी होण्याजोगा आहे.