अर्धा फेरा उशिरा

घर चऱ्होली बुद्रुकला, नोकरी भोसरी एमआयडीसीत लेथवर. आधी साधी सायकल, मग मोटारसायकल, दोन्ही वर्षानुवर्षं चालवलेल्या. त्यामुळे मुलानं विजेवरची सायकल आणली तेव्हा तिच्यात शिकण्यासारखं काय असणार, असं वाटलं. चौथ्या दिवशी थोरल्या पादुकांच्या मंदिरापाशी पेरूच्या हातगाडीत जाऊन घुसलो.

झालं असं की, गर्दीत थांबलो होतो. गिअर सगळ्यात जड, असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, पाचवर. वाट मोकळी झाली तसं पायडल दाबलं. काहीच नाही. वीस-बावीस किलोंचं धूड डावीकडे कलायला लागलं, म्हणून पायडलवर उभाच राहिलो. तेवढ्यात मागून कुणी सीट धरून ढकलावं तसा रेटा आला. घाबरून पाय फिरवतच राहिलो, आणि पाय फिरतायत तोवर मोटर कशाला थांबतेय? पेरू वेचता वेचता मावशींनी विचारलं, "काका, ब्रेक नाय का तिला?" होता की. हातच गेला नाही. पेरूंचे दोनशे दिले. मनगट तीन आठवडे सुजलेलं.

मग रविवारी सायकल उलटी करून बसलो. पायडलच्या दांड्याच्या मुळाशी प्लास्टिकची चकती, तिच्यात बारके लोहचुंबक, शेजारी सेन्सर. चुंबक समोरून सरकले की कंट्रोलरला कळतं, पायडल फिरतंय. किती जोरानं, ते कळायला त्याला मार्गच नाही. थोडा फेरा झाल्याशिवाय तो मोटर सोडत नाही, आणि सोडली की ठरलेली ताकद देऊन टाकतो. पाय थांबवले तरी क्षणभर ओढ राहतेच. म्हणजे सायकलीत बिघाड नव्हता, अडाणी मी होतो.

दुसरी जात टॉर्क सेन्सरची. पाय जेवढा जोर लावेल तेवढ्या प्रमाणात मदत. यामाहानं १९९३ साली जपानात अशी सायकल बाजारात आणली. ती चालवताना मोटर जाणवत नाही, आपलेच पाय विशीतले वाटतात. पण किंमत जास्त. दुकानात ओळखायचं तर हलका गिअर टाका आणि जोर न लावता पाय नुसते फिरवा. तरी सायकल पळाली तर चकतीवाली समजा.

चकतीवाली वाईट नाही, मी तीच चालवतो. फक्त थांबायच्या आधी, पाय फिरत असतानाच, गिअर हलका करून घ्यायचा. मोटर चाकात असली तर गिअरशी तिला देणंघेणं नसतं. पण हलक्या गिअरवर पायडलचा अर्धा फेरा पटकन होतो, म्हणून मोटर लवकर जागी होते. सुरुवातीला असिस्ट एकवर. दोन बोटं ब्रेकवर, कारण बहुतेक सायकलींत ब्रेकच्या मुठीतच मोटर तोडणारा स्विच असतो. मूठ जराशी दाबली तरी रेटा थांबतो. अरुंद जागी वळताना पाय फिरवूच नका, नाहीतर वळणाच्या मध्यावर ढकलते.

वाघेश्वराच्या टेकडीकडे चढताना मी वेगळी चूक केली. मोटर आहे म्हणून जड गिअरवर आरामात बसून राहिलो. चाक मंदावलं की चाकातली मोटर कण्हते, करंट खाते आणि त्याची नुसती उष्णता करते. अर्ध्या चढावर हबला हात लावला तर तव्यासारखा. चढाला गिअर हलका, पाय भरभर, आणि घामातला थोडा वाटा आपला.

सपाटीवर ताशी पंचविसाच्या जवळ गेलो की मोटर गप्प होते आणि एकदम कॅरिअरला पोतं बांधल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा मला बॅटरी संपली असंच वाटलं. तसं काही नसतं. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तरच आपल्याकडे नोंदणी आणि लायसन लागत नाही, म्हणून वेगाला ते कुंपण घातलेलं असतं. दुकानदार 'लिमिट काढून देतो' म्हणाला तर हसून विषय बदला.

आणखी एक. सायकल हातात धरून चालायची असेल तर आधी मोटर बंद करा. मुठीला थ्रॉटल असेल तर गर्दीत नकळत पिळला जातो आणि सायकल हातातून निसटते. पालखीच्या दिवशी आळंदी रस्त्यावर मी तर किल्लीच काढून खिशात टाकतो.