ट्वेंटीनाइन पाम्स : दुपार गावाला, सांज-सकाळ उद्यानाला

दक्षिण कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाच्या पहिल्या वर्षातल्या सहली जवळजवळ ठरलेल्या असतात. आधी डिस्नीलँड, मग लास वेगास आणि ग्रँड कॅन्यन, आणि कोणीतरी सुचवलं म्हणून एखाद्या शनिवारी जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान. पहाटे निघायचं ठरवून आठला घर सोडायचं, अकराला उद्यानाच्या पश्चिम दारावर गाड्यांच्या रांगेत लागायचं, भर दुपारी दोन-चार खडकांपुढे फोटो काढायचे आणि डोकं धरून रात्री घरी. ‘काय आहे तिथे, नुसते दगड’ हा शेरा अशाच सहलीतून येतो. अर्वाइन, सेरिटोस, रँचो कुकामाँगा, सॅन डिएगो या भागांत वर्षानुवर्षं राहिलेल्या घरांना विचारून जे कळलं ते इथे एकत्र केलं आहे. एका गोष्टीवर बहुतेकांचं एकमत आहे. उद्यानाच्या उत्तर दारापाशी ट्वेंटीनाइन पाम्स नावाचं गाव आहे, तिथे निदान एक रात्र राहा. सकाळ आणि संध्याकाळ उद्यानाला द्या, दुपार गावाला.

मी मूळचा जालन्याचा, मस्तगडातला. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर बाहेर पडायचं नाही, पडलंच तर डोक्याला रुमाल आणि घोटभर पाणी पिऊन, ही शिस्त आपल्याकडे लहानपणीच अंगात मुरते. गंमत म्हणजे तीच माणसं इथे आली की गाडीच्या एसीच्या भरवशावर ती विसरतात. मोहावी वाळवंटातलं ऊन मराठवाड्यासारखंच कोरडं आहे. घाम येतो, पण दिसत नाही, लगेच उडून जातो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं याचा पत्ताच लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा सहज 40 अंश सेल्सिअसच्या वर जातो. डिसेंबर-जानेवारीत रात्री तो शून्याला टेकतो, म्हणजे स्वेटर-टोप्याही लागतातच.

इथेच आई-बाबांचा प्रश्न येतो. भारतातून येणारे आई-वडील थंडी नको म्हणून बहुधा एप्रिल ते सप्टेंबर याच काळात येतात, आणि वाळवंट पाहायला नेमका तोच काळ वाईट. त्यांना न्यायचंच असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला न्या, नाहीतर दिवाळीपर्यंत ठेवून घ्या आणि नोव्हेंबरात जा. मधुमेहाची औषधं, विशेषतः इन्सुलिन, बंद गाडीत ठेवू नका. जवळचं रुग्णालय शेजारच्या जोशुआ ट्री गावात आहे. पाहुण्यांच्या प्रवासी विम्याचा कागद फोनमध्ये नको, हातात असू द्या, कारण उद्यानात फोनला रेंज जवळपास नसतेच. त्याच कारणाने नकाशाही आधीच उतरवून घ्या.

लॉस एंजेलिसहून हे अंतर सुमारे 140 मैल. दहा नंबरच्या महामार्गाने पूर्वेला जायचं, सॅन गोर्गोनियो खिंडीतल्या पवनचक्क्या दिसल्या की 62 नंबरचा रस्ता धरायचा आणि चढायला लागायचं. वाटेत युक्का व्हॅली लागतं, तिथे मोठी दुकानं आहेत, राहिलेली खरेदी तिथेच उरका. पुढे जोशुआ ट्री गाव आणि पश्चिमेचं दार. थँक्सगिव्हिंग-नाताळात सगळी गर्दी तिथेच तुंबते. आपण तसंच पुढे ट्वेंटीनाइन पाम्सला जायचं आणि उत्तर दाराने आत शिरायचं. हा फरक छोटा वाटतो, पण तासभर वाचतो. एका गाडीला 30 डॉलरचं तिकीट सात दिवस चालतं. वर्षात आणखी दोन-तीन उद्यानं पाहणार असाल तर वार्षिक पास स्वस्त पडतो. 2026 पासून या पासचे दर अमेरिकेत राहणाऱ्यांना वेगळे आणि बाहेरून येणाऱ्यांना वेगळे झाले आहेत, त्यामुळे राहत्या पत्त्याचं सरकारी ओळखपत्र खिशात हवं.

पाण्याबद्दल जुन्या मंडळींचा सूर एकदम कडक होतो. उद्यानाच्या आत खाणं नाही, पेट्रोल नाही, आणि कडेची मोजकी ठिकाणं सोडली तर पाणीही नाही. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, हा तिथला सरकारी हिशेब आहे. डोंगर चढणार असाल तर दुप्पट. नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा एका थर्मासात लिंबू-मीठ-साखरेचं सरबत आणि शीतपेटीत ताक न्या. 2013 च्या उन्हाळ्यात जालन्यात ज्यांनी टँकरची वाट पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको, पण मुंबई-पुण्याच्या नळावर वाढलेल्यांना सांगावं लागतं.

मुक्कामासाठी घर भाड्याने घेताना एक बघा: खोलीत एसी आहे की कूलर? इकडच्या जुन्या घरांच्या छपरावर अजून आपल्यासारखेच पाण्याचे कूलर असतात. कोरड्या हवेत ते झकास चालतात, फक्त एखादी खिडकी किलकिली ठेवावी लागते. जुलैच्या मध्यापासून मात्र मेक्सिकोकडून दमट वारे येतात आणि कूलरची आषाढातल्यासारखी गत होते. हवा नुसती ओली होते, गार होत नाही. याच दिवसांत अचानक वळीव कोसळतो आणि कोरडे ओढे भरून वाहतात. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, थांबा.

आता गाव. पहिल्या नजरेला ते रुक्षच दिसतं: एक लांबलचक रस्ता, मोटेलं, टायरवाले आणि नजरेत भरतील इतकी केशकर्तनालयं. कारण गावाच्या उत्तरेला मरीन सैनिकांचा प्रचंड मोठा तळ आहे, 1952 पासूनचा. रात्री दूरवर तोफांसारखे आवाज आले आणि खिडकीची काच थरथरली तर घाबरू नका, सराव चालू असतो. तळाच्या फाटकाकडे कॅमेरा रोखू नका, एवढंच.

दुपारी आधी मारा ओअॅसिस पाहा. अर्ध्या मैलाची सपाट पक्की वाट आहे, चाकाची खुर्चीही जाते, आणि तिथे तिकीट लागत नाही. गावाचं नाव इथल्याच ताडांवरून पडलं. इथल्या मूळनिवासी सेरानो लोकांची आख्यायिका अशी, की इथे आलात तर खूप मुलगे होतील असं त्यांच्या वैदूने सांगितलं, प्रत्येक मुलामागे एक ताड लावायचा ठरला आणि पहिल्याच वर्षी एकोणतीस लागले. इतक्या रखरखाटात पाणी वर येतं कसं, तर खालून पिंटो माउंटन नावाचा भूभंग जातो. जमिनीखालून सरकणारं पाणी तिथे अडतं आणि वर ढकललं जातं. गावाची खरी वस्ती मात्र पहिल्या महायुद्धानंतरची. विषारी वायूने फुप्फुसं खराब झालेल्या सैनिकांना पॅसाडीनाचे डॉक्टर जेम्स लकी या कोरड्या हवेत जाऊन राहायला सांगत. त्या सैनिकांनी सरकारकडून 160 एकरांचे तुकडे घेऊन घरं बांधली. पुढे 1938 च्या कायद्याने पाच-पाच एकरांचे तुकडे मिळू लागले, आणि पूर्वेकडे वंडर व्हॅलीत त्या काळातल्या ओसाड पडलेल्या एकखोली झोपड्या अजून उभ्या आहेत. पाहा, पण रस्त्यावरूनच. त्या कुणाच्या तरी मालकीच्या आहेत. 1927 च्या जुन्या शाळेत गावाचं छोटं संग्रहालय आहे. 1994 पासून गावाने भिंतींवर हा सगळा इतिहास रंगवायला घेतला, त्या चित्रांचा फेरफटका गाडीत बसूनही होतो. उद्यानाचं माहिती केंद्रही 2022 पासून गावातच आहे. मुलांना तिथून ज्युनियर रेंजरची पुस्तिका घेऊन द्या, ती भरून दिली की बिल्ला मिळतो. मोठ्यांचा दुपारचा आरडाओरडा त्याने निम्म्यावर येतो.

उद्यानात पहाटे काय पाहायचं यावर घरोघरी मतभेद आहेत. माझं मत चोया निवडुंगाच्या बागेला. उत्तर दारापासून अर्ध्या-पाऊण तासावर, सूर्य वर येताना हजारो निवडुंगांच्या काट्यांना मागून उजेड लागतो. चोयाचे गोळे झाडापासून फार सहज तुटतात आणि अंगाला चिकटतात. हाताने ओढू नका, जवळ फणी ठेवा आणि तिने उचकटून काढा. तिथून परतताना आर्च रॉक आणि स्कल रॉक करून दहाच्या आत गावात. आपल्या काळ्या बेसॉल्टवर वाढलेल्या डोळ्यांना इथले फिकट, गोलमटोल दगड कुणीतरी रचून ठेवल्यासारखे वाटतात. हा ग्रॅनाइटचा भाऊबंद दहा कोटी वर्षांहूनही आधी जमिनीखाली थिजला. भेगांतून झिरपणाऱ्या पाण्याने त्याचे कोपरे आतल्या आत झिजवले, आणि वरची माती वाहून गेल्यावर हे ढीग उघडे पडले.

संध्याकाळी हिडन व्हॅली, बार्कर डॅम आणि शेवटी सूर्यास्ताला कीज व्ह्यू. जोशुआची झाडं या वरच्या पठारावर दाट आहेत. खाली गावात ती शोधत बसू नका. बार्कर डॅमचा फेरा साधारण सव्वा मैलाचा. 1900 च्या सुमारास गुरं पाळणाऱ्यांनी हा बांध घातला आणि इथेच घर करून राहिलेल्या बिल कीजने 1949-50 मध्ये तो उंच केला. जालन्यात आम्ही घाणेवाडीच्या तलावाची पातळी मोजत मोठे झालो, त्यामुळे मला तरी हा चिमुकला बांध खडकांपेक्षा जास्त बघण्यासारखा वाटला. इथे वर्षाला पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर, आपल्याकडे सातशेच्या आसपास. बांधामागे पाणी असेलच असं धरून जाऊ नका. कीज हा माणूसही भारी होता. रस्त्याच्या वादातून 1943 मध्ये त्याच्या गोळीने शेजारी मेला, त्याला तुरुंगवास झाला; पेरी मेसनचे लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांनी त्याचं प्रकरण हाती घेतलं आणि 1956 मध्ये त्याला माफी मिळाली. त्याचं घर रेंजरबरोबरच पाहता येतं, तिकीट आधी काढावं लागतं.

काही पथ्यं: झाडाला झोका बांधू नका, दगड किंवा फूल उचलू नका, ड्रोन आणू नका. वाळवंटी कासव दिसलं तर हात लावू नका. घाबरलं की ते मूत्राशयात साठवलेलं पाणी सोडून देतं आणि मग तहानेने मरू शकतं. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून पाहा, सावलीसाठी ते चाकाशी बसतं. उन्हाळ्यात मधमाश्या एसीच्या ओलाव्यावर येतात, काचा बंद ठेवा.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी माणसाने गावावर विसंबू नये. आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवरच्या भारतीय दुकानांतून निघतानाच सामान भरा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि छोटा राइस कुकर एवढ्यावर दोन दिवस सुखात जातात. तंबूत राहणार असाल तर सरपण विकत न्या, तिथलं वाळकं लाकूड जाळायला बंदी आहे.

रात्रीसाठी दोन बेत. गावात स्मिथ्स रँच नावाचं गाडीत बसून सिनेमा पाहायचं उघडं थिएटर 1954 पासून चालू आहे. आवाज गाडीच्या रेडिओवर येतो, घोंगड्या न्या. दुसरा बेत आकाशाचा. 2017 पासून या उद्यानाला आंतरराष्ट्रीय काळोख-आकाशाचा दर्जा आहे. उत्तर दाराजवळ स्काय्ज द लिमिट ही हौशी मंडळींची वेधशाळा आहे, तिथे शनिवारी रात्री दुर्बिणी लावतात. वेळापत्रक आधी पाहा. सहलीची तारीख ठरवताना स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढा आणि अमावास्येचा शनिवार-रविवार गाठा. आकाशगंगेचा दाट पट्टा उन्हाळ्यात दिसतो, म्हणून जूनमध्ये जाणारी काही घरं फक्त रात्रीसाठीच जातात, दिवसभर झोपतात. मला हा मार्ग पटतो.

परत येताना आल्या रस्त्याने येऊ नका. उद्यानातून सरळ दक्षिणेला कॉटनवुडच्या दाराने बाहेर पडा. सुमारे 45 मैलांत दहा नंबरचा महामार्ग लागतो, आणि वाटेत मोहावी संपून खालचं कोलोरॅडो वाळवंट सुरू होताना झाडं बदलत जातात. टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवा. पुढे इंडिओ, कोचेला खोऱ्याच्या खजुराचं गाव. दुकानदार मेडजूल पुढे करतो. तो खायला उत्तम, पण लाडू-वड्यांसाठी डेगलेट नूर घ्या. तो स्वस्त असतो, कोरडा असतो आणि भारतात न्यायलाही टिकतो.