पेस्ट किती? बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच!



मागच्या रविवारी विहारात मुलांचे दात पाहत होते. पाच वर्षांच्या एका मुलाच्या चार दाढा किडलेल्या. आई म्हणाली, “ताई, दुधाचेच दात आहेत, पडतीलच की!” शेजारची म्हणाली, “आमची तर पेस्ट चाटूनच खाते, गोड लागते ना.” दोघींशी बोलले तेच इथे लिहिते.

दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, म्हणून ती दुधाचीच वाटते. ती किडून गेली तर पुन्हा येत नाही.

दात किडतो कसा?
बिस्किट, गोळ्या, गोड चहा यांतली साखर दातावरचे जंतू खातात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या कठीण थरातले क्षार विरघळतात. फ्लोराइड हे क्षार परत बसायला मदत करते आणि दात टणक करते. मात्र हे काम दातावर लागून होते, पोटात जाऊन नाही.

वापरायचे कसे?
१. ट्यूबवर फ्लोराइडचे प्रमाण वाचा. आपल्याकडे कायद्याने १००० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. त्याच्या जवळपासची कोणतीही साधी, स्वस्त पेस्ट पुरते.
२. पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट. ब्रशवर आईबापानेच लावावी.
३. दिवसातून दोनदा ब्रश करा. रात्रीचा चुकवू नका.
४. फेस थुंकायला लावा. नंतर खळखळून चुळा भरू नका, नाहीतर औषध धुऊन जाते.
५. ट्यूब फळीवर, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. मुलाने बरीच पेस्ट गिळली तर दूध पाजा आणि लगेच दवाखान्यात न्या.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात वाचत नाहीत, तोंडाचा कर्करोग मात्र होतो. राख आणि विटेची पूड दात झिजवतात.

पाणीही तपासा
फ्लोराइड पाण्यातही असते. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरे पाणीच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते याहून जास्त आढळले आहे. असे पाणी पिऊन वाढलेल्या मुलांच्या कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात. वर्षानुवर्षे प्यायल्यास हाडे-सांधे आखडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही.

आपल्या नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या वस्त्यांतही हातपंप, बोअर आहेत. पाणी गोड लागते म्हणून ते चांगलेच असे समजू नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला नमुना घ्यायला सांगा, शहरात नगरपालिकेकडे मागणी करा. अहवाल लेखी घ्या. प्रमाण जास्त निघाले तर पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसरे पाणी मागा. तो आपला हक्क आहे.

अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. किडलेले दात तपासणे त्यांच्या कामातच आहे. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आणि आज रात्री जेवणानंतर मुलाला उजेडात बसवा, तोंड उघडायला लावा आणि मागची दाढ पाहा. काळा ठिपका दिसला तर ठणका लागण्याची वाट पाहू नका, जिल्हा रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरांना दाखवा.